चिनी मातीचा दगड आणि विरल धातू : उप्साला-ओबू परंपरेतील विद्यापीठीय अध्यापन

सिलिकेट पदार्थांचे तंत्रज्ञान आणि विरल धातूंचे तंत्रज्ञान हे दोन विषय काही तंत्रविद्यापीठांत एकाच विभागाच्या नावात जोडीने आढळतात. प्रथमदर्शनी ही जोडी विजोड वाटते. एकीकडे वीट, कौल, काच, सिमेंट, चिनी मातीची भांडी, म्हणजे ज्यांच्यावाचून कोणत्याही घराचे चालत नाही असे विपुल आणि स्वस्त पदार्थ. दुसरीकडे इट्रियम, टँटलम, सेरियम, थोरियम ह्यांसारखे धातू, ज्यांची नावेही सुशिक्षितांच्या कानांवर क्वचितच पडतात. अभ्यासक्रम आखणाऱ्यांनी केवळ सोयीसाठी ही सांगड घातली असावी, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तिच्यामागे इतिहास आहे, आणि तो कारखान्यात घडण्यापूर्वी विद्यापीठात घडलेला आहे. कित्येक विरल धातू प्रथम हाती लागले ते सिलिकेट खनिजांत. आणि ते हाती लागले ह्याचे कारण असे की, त्या खनिजांचे पृथक्करण करण्याची विद्या शिकविणारी एक अध्यापनपरंपरा स्वीडन आणि फिनलंड ह्या देशांत अगोदरच उभी राहिली होती.

ह्या परंपरेच्या यशाचे श्रेय सामान्यतः तेथील खाणींना दिले जाते. ते अपुरे आहे. खनिजसंपन्न प्रदेश युरोपात इतरत्रही होते. स्वीडनच्या यशाचा उलगडा व्हावयाचा, तर खाणीइतकेच लक्ष दोन गोष्टींकडे द्यावे लागते : विद्यार्थ्याच्या हाती मूस आणि तराजू केव्हा आले ही एक, आणि त्याला ही विद्या कोणत्या भाषेत मिळाली ही दुसरी.

उप्साला विद्यापीठात रसायनशास्त्राचे स्वतंत्र अध्यासन १७५० मध्ये स्थापन झाले. त्यावरील पहिला प्राध्यापक योहान गॉट्शाल्क वालेरियस. त्या काळी विद्यापीठातील प्रबंध लॅटिनमध्ये लिहिले जात. पांडित्याची भाषा तीच होती. परंतु ह्याच वालेरियसने तीन वर्षे आधी, १७४७ मध्ये, खनिजविद्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला तो स्वीडिश भाषेत. ह्याचे कारण भाषाभिमानात शोधण्याची गरज नाही. खनिजविद्येचा वाचक हा पंडित नव्हता. तो खाणीवरचा अधिकारी, भट्टीवरचा कसनीस, लोखंडाच्या कारखान्याचा मालक होता. खनिजांची नावे, भट्टीच्या भागांची नावे, धातूमळीच्या निरनिराळ्या प्रकारांची नावे लॅटिनमध्ये नव्हतीच. ती खाणकामगारांच्या तोंडी होती. त्यामुळे ह्या एका शास्त्रात लोकभाषा विद्यापीठात शिरली ती खालच्या दाराने, कामगारांच्या शब्दसंग्रहाचे बोट धरून.

वालेरियसच्या मागून १७६७ मध्ये टोर्बेर्न बर्गमन त्या आसनावर आला. खनिजांचे पृथक्करण ही गोष्ट त्याने खऱ्या अर्थाने शिकविण्याजोगी केली. सिलिकेट खनिजाची मोठी अडचण अशी की, त्यांतील बहुतेकांवर साध्या अम्लाचा परिणामच होत नाही. दगड जशाचा तसा राहतो. बर्गमनची रीत अशी : दगडाचे वस्त्रगाळ चूर्ण करावे, अल्कधर्मी कार्बोनेटाबरोबर ते मुशीत तापवून वितळवावे, थंड झालेला गोळा अम्लात विरघळवावा, द्रव आटवून कोरडा करावा. आता पुन्हा अम्ल घातले की सिलिका तेवढी न विरघळता मागे राहते. ती गाळून, तापवून, तोलावी. उरलेल्या द्रवातून एकेक घटक साक्याच्या रूपाने खाली बसवीत जावे, आणि प्रत्येकाचे वजन लिहून ठेवावे. शेवटी सर्व वजनांची बेरीज करावी. ती मूळ चूर्णाच्या वजनाइतकी भरली पाहिजे.

ही रीत आज महाविद्यालयीन वाटते. पण तिच्यात एक मोठे शैक्षणिक तत्त्व दडलेले आहे. बेरीज जुळली नाही, तर विद्यार्थ्याची चूक तरी झालेली असते, नाही तर दगडात आजवर कोणाला माहीत नसलेले काही तरी असते. ह्या दोहोंतील कोणती गोष्ट खरी हे ठरविण्याचा मार्ग एकच, तोच प्रयोग पुन्हा करणे. म्हणजे नव्या मूलद्रव्याचा शोध आणि प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याचा सराव ह्यांची वाट एकच होती; फरक होता तो हाताच्या विश्वासार्हतेचा. ज्याच्या हातावर त्याचा स्वतःचा विश्वास बसलेला आहे, त्यालाच बेरजेतील तूट हा शोध वाटू शकतो. असा हात व्याख्यान ऐकून तयार होत नाही.

विद्यापीठाबाहेरही ह्या विद्येचा एक प्रवाह वाहत होता, तो फुंकनळीचा. नळीतून फुंकर घालून दिव्याची ज्योत खनिजाच्या कणावर सोडायची आणि त्याचा रंग, वितळणे, टाकणखारात मिळून होणारा मणी ह्यांवरून घटक ओळखायचे, ही खाणीवरच्या माणसांची कला. निकेलचा शोध लावणारा आक्सेल क्रूनस्टेट आणि फालूनचा योहान गॉटलीब गान हे तिच्यातले उस्ताद. पुढे बर्झेलियस ही कला गानकडून शिकला आणि १८२० मध्ये तिच्यावर त्याने पुस्तक लिहिले. गुरुमुखातून चालत आलेली विद्या ग्रंथात यावयास दोन पिढ्या जाव्या लागल्या.

आता खाणीकडे वळावयास हरकत नाही. स्टॉकहोमजवळच्या द्वीपसमूहात, वाक्सहोम गावाच्या शेजारी, रेसारो नावाचे बेट आहे. त्यावर इटर्बी नावाची वस्ती. ‘इत्रे’ म्हणजे बाहेरचे आणि ‘बी’ म्हणजे गाव. मराठीत सांगावयाचे तर ‘बाहेरवाडी’. येथे गारगोटी आणि फेल्स्पार ह्यांची खाण होती. गारगोटी लोखंडाच्या भट्ट्यांकडे जाई; फेल्स्पार पोर्सलीनसाठी खपू लागला. फेल्स्पार हा चिनी मातीच्या कारखान्यातील महत्त्वाचा जिन्नस. भट्टीत तो वितळून मातीच्या कणांना सांधतो आणि भांड्याला पारभासक, काचेसारखी घट्टपणाची अवस्था आणतो. म्हणजे इटर्बीचा दगड पहिल्यापासून शुद्ध सिलिकेट व्यवसायातला होता. विरल धातूंसाठी तेथे कोणीही कधी कुदळ मारली नव्हती.

१७८७ मध्ये कार्ल आक्सेल अरेनियस ह्या तोफखान्यातील लेफ्टनंटला त्या खाणीत एक काळा, असाधारण जड दगड मिळाला. (विद्युत्-विघटनाच्या उपपत्तीमुळे प्रसिद्ध झालेला स्वांटे अरेनियस हा नव्हे, तो पुढच्या शतकातला.) बंदुकीच्या दारूची परीक्षा करण्याच्या कामानिमित्त ह्या लष्करी अधिकाऱ्याचा रसायनशाळेशी संबंध आला होता आणि तेव्हापासून त्याला खनिजे गोळा करण्याचा छंद जडला होता. पुढच्याच वर्षी बेंग्ट गेयर ह्याने त्या दगडाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या जडपणामुळे त्यात टंग्स्टन असावे असा तर्क होता. तर्काची शहानिशा करण्यासाठी दगडाचा तुकडा समुद्रापलीकडे ओबू येथे योहान गादोलिन ह्याच्याकडे गेला.

ओबू म्हणजे आजचे फिनलंडमधील तुर्कू. फिनलंड त्या काळी स्वीडनच्या राज्याचा भाग होता, आणि ओबूची अकादमी १६४० पासून त्या राज्याच्या पूर्व सीमेवरचे विद्यापीठ म्हणून चालत आली होती. गादोलिन ह्याचा जन्म तेथलाच, १७६० चा. त्याच्या आडनावाची कथा भाषेच्या अभ्यासकाला रुचेल अशी आहे. घराण्याची मूळ शेतवाडी मौनुला. ते नाव ‘मॅग्नस’ ह्या लॅटिन शब्दाशी, म्हणजे ‘मोठा’ ह्या अर्थाशी, जोडले गेले आणि शिकलेल्या पूर्वजाने त्याचे हिब्रू भाषांतर ‘गादोल’ असे करून आडनाव घेतले. फिनिश शेत, लॅटिन अर्थ, हिब्रू रूप आणि स्वीडिश उच्चार अशा चार भाषांतून आलेले हे नाव पुढे एका मूलद्रव्याला मिळाले.

गादोलिन १७७९ मध्ये उप्सालास गेला आणि बर्गमनचा विद्यार्थी झाला. लोखंडाच्या पृथक्करणावरचा त्याचा प्रबंध १७८१ चा आहे. ओबूस परतल्यावर १७८५ मध्ये तो तेथे जादा प्राध्यापक झाला. पूर्ण प्राध्यापकपद मिळावयास १७९७ साल उजाडले. इटर्बीच्या काळ्या दगडावरील त्याचा लेख स्वीडिश विज्ञान अकादमीच्या इतिवृत्तात १७९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला मिळालेली वजने अशी : सिलिका ३१ भाग, ॲल्युमिना १९ भाग, लोह ऑक्साइड १२ भाग, आणि उरलेले ३८ भाग कोणत्याही ज्ञात पदार्थाशी न जुळणारी एक ‘मृत्तिका’. मृत्तिका हा त्या काळच्या रसायनशास्त्रातील पारिभाषिक शब्द. पाण्यात न विरघळणाऱ्या, तापवून न वितळणाऱ्या, आणि ज्यांचे आणखी पृथक्करण करता येत नाही अशा भस्मांना तो लावीत. टंग्स्टन मात्र मुळीच नव्हते.

गादोलिनने आपला निष्कर्ष फार बेताने मांडला. नव्या मृत्तिकांची घोषणा करण्याची त्या काळी लाट आली होती आणि आपणही तिच्यात भर घालीत आहो, ह्याचा त्याला संकोच वाटत होता. ह्या संकोचाचे मोल मोठे आहे. बर्गमनच्या हाताखाली शिकलेला माणूस बेरीज जुळली म्हणून हुरळत नसे. आणि खरोखरच त्याच्या आकड्यांत एक दोष राहून गेला होता. त्याने ज्याला ॲल्युमिना म्हटले, तो भाग मुख्यतः बेरिलियमचे ऑक्साइड होता. बेरिलियमची मृत्तिका व्होक्लँने पॅरिसमध्ये शोधून काढली ती १७९८ साली. तोपर्यंत तिला ॲल्युमिनापासून वेगळे ओळखण्याचे साधनच नव्हते. म्हणजे त्या एका सिलिकेट खनिजात एक नव्हे, दोन नव्या मृत्तिका होत्या, आणि त्यांपैकी एक जुन्या नावाखाली लपून बसली होती.

गादोलिनच्या नावाशी हा शोध कायमचा जोडला गेल्यामुळे त्याचे अध्यापन झाकोळले गेले आहे. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत स्वतः काम करू देणाऱ्या युरोपातील आरंभीच्या प्राध्यापकांत त्याची गणना होते. स्वतःची खाजगी प्रयोगशाळाही त्याने विद्यार्थ्यांना खुली ठेवली होती. रसायनशास्त्राच्या इतिहासात हे श्रेय बहुधा गीसेनच्या लीबिगला दिले जाते. लीबिगने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर, एखाद्या कारखान्याप्रमाणे चालविली हे खरे. पण तो गीसेनला आला १८२४ मध्ये, आणि गादोलिन निवृत्त झाला १८२२ मध्ये.

१७९८ साली गादोलिनचे ‘रसायनशास्त्राचा प्रवेश’ अशा अर्थाच्या नावाचे स्वीडिश पाठ्यपुस्तक निघाले. लाव्हाझिएचे नवे रसायनशास्त्र, फ्लॉजिस्टनची कल्पना टाकून देऊन, उत्तर युरोपातील विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत प्रथम मिळाले ते ह्या पुस्तकातून. पण येथे ‘त्यांच्या भाषेत’ हे शब्द जपूनच वापरले पाहिजेत. ओबूच्या भोवतालचा शेतकरी फिनिश बोलत होता. स्वीडिश ही तेथील अधिकाऱ्यांची, पाद्र्यांची आणि शहरी वर्गाची भाषा. लॅटिनच्या जागी स्वीडिश आली तेव्हा एक दार उघडले. दुसरे बंदच राहिले. फिनलंड १८०९ मध्ये रशियाच्या ताब्यात गेले, तरी विद्यापीठाची भाषा स्वीडिशच होती, आणि फिनिश भाषेला सरकारी व्यवहारात बरोबरीचे स्थान देण्याचा झारचा आदेश निघाला तो १८६३ मध्ये. मातृभाषेतून विज्ञानाच्या अध्यापनाचा पुरस्कार करणारे लोक ह्या परंपरेचा दाखला देतात तेव्हा ही दुसरी बाजू बहुधा सांगितली जात नाही.

१८२७ च्या सप्टेंबरात ओबू शहर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. गादोलिनचा खनिजसंग्रह त्यात नष्ट झाला. विद्यापीठ पुढल्या वर्षी हेलसिंकीस हलविण्यात आले.

स्वीडनमध्ये इटर्बीच्या दगडाचे काम पुढे नेले उप्सालाच्या आंदेर्स गुस्ताव एकेबर्गने. १७९७ मध्ये त्याने गादोलिनचा निष्कर्ष पडताळून पाहिला, नव्या मृत्तिकेचे प्रमाण गादोलिनने सांगितले त्याहून अधिक भरते असे दाखविले, आणि तिला गावाच्या नावावरून नाव दिले. त्यातूनच ‘इट्रिया’ आणि धातूला ‘इट्रियम’ हे शब्द आले. खनिजाला पुढे ‘गादोलिनाइट’ हे नाव रूढ झाले. एकेबर्ग लहानपणापासून कानांनी अधू होता आणि १८०१ मध्ये एक काचपात्र फुटून त्याचा एक डोळा गेला. त्यानंतरच्याच वर्षी त्याने इटर्बीच्या आणि फिनलंडमधील एका खनिजात टँटलमचा शोध लावला. अम्लात बुडवून ठेवले तरी त्याचे ऑक्साइड अम्लाचा थेंबही ग्रहण करीत नाही, म्हणून पाण्यात उभा राहूनही तहानलेल्या ग्रीक पुराणातील टँटलसचे नाव त्याने त्याला दिले.

परंतु एकेबर्गचे एक काम असे आहे की, मूलद्रव्यांच्या इतिहासात त्याचा उल्लेख ओझरता येतो आणि भाषेच्या इतिहासात तो ठळक यावयास हवा. १७९५ मध्ये पेर आफ्झेलियस आणि एकेबर्ग ह्यांनी स्वीडिश रासायनिक परिभाषेचा एक आराखडा प्रसिद्ध केला. ऑक्सिजनसाठी ‘सीरे’, हायड्रोजनसाठी ‘व्हेते’, नायट्रोजनसाठी ‘क्व्हेव्हे’ हे शब्द त्या प्रयत्नातून आले. पहिल्याचे नाते आंबटपणाशी, दुसऱ्याचे ओलेपणाशी, तिसऱ्याचे गुदमरण्याशी. एकही शब्द लांब नाही, सामासिक नाही. स्वीडिश मुलाच्या घरातल्या बोलीतून ते घडविलेले आहेत. ते आजही चालू आहेत. मराठीत प्राणवायू आणि नत्रवायू हे शब्द अशाच गरजेतून आले. तथापि प्राणवायू हे नाव ऑक्सिजन ह्या शब्दाचे भाषांतर नसून श्वासोच्छ्वासातील कार्यावरून दिलेले स्वतंत्र नाव आहे. लाव्हाझिएची समजूत अशी की, ऑक्सिजन हा सर्व अम्लांचा जनक आहे. ही समजूत पुढे चुकीची ठरली. स्वीडिश ‘सीरे’त ती चूक घट्ट बसलेली आहे, मराठी प्राणवायूत ती नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, एकेबर्ग आणि आफ्झेलियस ह्यांनी धातूंना मात्र हात लावला नाही. इट्रियम, टँटलम ही नावे लॅटिन वळणाचीच राहिली. जे पदार्थ प्रत्येकाच्या तोंडी यावयाचे त्यांना घरचे शब्द, आणि जे जगभरच्या तज्ज्ञांत फिरावयाचे त्यांना सामाईक नावे, असा हा विवेक होता. परिभाषा घडविणाऱ्या नंतरच्या अनेक समित्यांना तो सुचला नाही.

परिभाषा होती, पाठ्यपुस्तक होते. पण प्रयोगशाळेचे दार नेहमी उघडे होते असे नाही. १७९६ मध्ये उप्सालास वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून आलेल्या यॉन्स याकोब बर्झेलियसला ह्याचा अनुभव आला. नेमून दिलेल्या थोड्या वेळाखेरीज त्याला प्रयोगशाळेत येऊ दिले जात नसे. तेव्हा तेथल्या नोकराला पैसे चारून तो मागच्या दाराने आत जाई. ही हकीकत त्याने आपल्या आत्मचरित्रपर टिपणांत स्वतःच सांगितली आहे. प्राध्यापकाने त्याला पकडले, आणि पुढे येऊ दिले. ज्या विद्यापीठात बर्गमनने पृथक्करणाची पद्धती घालून दिली, तेथेच एका पिढीनंतर तिचा सर्वांत समर्थ वारस लाच देऊन आत शिरत होता.

बर्झेलियसचे पुढील कार्य सुपरिचित आहे. सिलिकेट आणि विरल धातू ह्यांचे नाते मात्र त्याच्या हाती पक्के झाले, म्हणून तेवढ्याचा विचार येथे करावयास हवा. १८०३ मध्ये त्याने हिसिंगरच्या सोबतीने बास्टनेस खाणीतील जड दगडात सेरियमची मृत्तिका शोधली. त्याच वर्षी बर्लिनमध्ये क्लाप्रोटनेही ती स्वतंत्रपणे शोधली. तो दगडही सिलिकेटच होता. १८१४ मध्ये त्याने खनिजांचे नवे वर्गीकरण मांडले आणि त्यात एक मूलगामी विचार होता : सिलिका हे अम्ल मानावे, आणि तिच्याशी संयोग पावलेली खनिजे ही त्या अम्लाची लवणे मानावीत. फेल्स्पार, अभ्रक, गादोलिनाइट ही वरवर पाहता असंबद्ध खनिजे ह्या एका विचाराने एका कुटुंबात आली. आज ‘सिलिकेट’ ह्या शब्दाला जी व्याप्ती आहे, तिचा पाया हा आहे. त्यापूर्वी विद्यार्थ्याला प्रत्येक दगड वेगळा शिकावा लागे; त्यानंतर एक नियम शिकला की पुष्कळसे दगड आपोआप कळू लागले.

ह्याचा शैक्षणिक परिणाम तत्काळ दिसला. १८१७ मध्ये बर्झेलियसच्या प्रयोगशाळेत योहान आउगुस्ट आर्फवेडसन हा तरुण पेटलाइट नावाच्या सिलिकेटाचे पृथक्करण करीत होता. बेरीज जुळेना. पुन्हा केले, तरी जुळेना. त्या न जुळणाऱ्या बेरजेतून लिथियम निघाले. १८२४ मध्ये बर्झेलियसने झिर्कॉन ह्या सिलिकेटातील धातू, झिर्कोनियम, अशुद्ध रूपात वेगळा केला. १८२९ मध्ये नॉर्वेतून आलेल्या, पुढे थोराइट म्हणून ओळखल्या गेलेल्या सिलिकेटात थोरियम सापडले. त्याचे शिष्य संख्येने थोडे, पण ते त्याच्या घरच्या प्रयोगशाळेत शेजारी उभे राहून शिकत. फ्रीडरिख व्हलर १८२३ मध्ये जर्मनीहून तेथे आला तेव्हा त्याने स्वीडिश शिकून घेतली, आणि बर्झेलियसचे पाठ्यपुस्तक व वार्षिक अहवाल जर्मन भाषेत आणण्याचे काम पुढे कित्येक वर्षे केले. पाऊणशे वर्षांपूर्वी स्वीडनमधील विद्वान आपले काम परक्यांना कळावे म्हणून लॅटिनचा आश्रय घेत होते; आता जर्मनीतला विद्यार्थी स्वीडिश व्याकरण घोकीत होता. हा बदल कोणा भाषासंस्थेच्या ठरावाने झाला नाही. त्या भाषेत वाचण्यासारखे काही तरी लिहिले जात होते, एवढेच त्याचे कारण.

ह्यापुढचे प्रकरण कार्ल गुस्ताव मोसांडरचे. बर्झेलियसचा हा शिष्य सेरियमच्या मृत्तिकेवर वर्षानुवर्षे काम करीत राहिला, आणि १८३९ मध्ये त्याने तिच्यातून लँथॅनम वेगळे काढले. ग्रीक भाषेत त्या शब्दाचा अर्थ ‘लपून राहणे’ असा आहे. १८४३ मध्ये त्याने गादोलिनची इट्रियाही एकजिनसी नसल्याचे दाखविले. तिच्यातून इट्रिया, एर्बिया, टेर्बिया अशा तीन मृत्तिका निघाल्या. तीनही नावे त्याच बाहेरवाडीच्या नावाचे तुकडे. पुढे १८६० नंतरच्या वादविवादात शेवटच्या दोन नावांची अदलाबदल झाली, आणि मोसांडर ज्याला एर्बियम म्हणत होता त्याला आज टेर्बियम म्हणतात. इतक्या जवळच्या ध्वनींची नावे ठेवली की असा घोटाळा अटळ असतो. १८७८ मध्ये मारिन्याकने जिनेव्हात ‘इटर्बियम’ हे चौथे नाव त्याच शब्दातून काढले, तेव्हा त्या गावाची अक्षरे जवळजवळ संपत आली होती.

ह्या धातूंना एकमेकांपासून वेगळे करणे इतके कठीण का, ह्याचे उत्तर त्या पिढीला ठाऊक नव्हते. त्यांच्या अणूंच्या बाहेरच्या कवचांतील इलेक्ट्रॉनांची मांडणी जवळपास सारखी असल्यामुळे त्यांचे रासायनिक वर्तनही सारखे असते, हे विसाव्या शतकात कळले. तोपर्यंत मार्ग एकच होता, अंशतः साका पाडणे किंवा अंशतः स्फटिक बनविणे, आणि ते शेकडो वेळा पुन्हा करणे. ह्यासाठी तर्कबुद्धीपेक्षा सवय लागते. उप्सालातील प्राध्यापक पेर तेओडोर क्लेव्ह ह्याने १८७९ मध्ये होल्मियम आणि थूलियम ह्यांचे ऑक्साइड वेगळे केले. त्याच वर्षी तेथीलच लार्स फ्रेडरिक निल्सनने स्कँडियम शोधले. मेंडेलेव्हने १८७१ मध्ये ज्या अज्ञात मूलद्रव्याचे भाकीत केले होते ते हेच, ही गोष्ट क्लेव्हच्या ध्यानात आली. मेंडेलेव्हने त्याला नाव दिले होते ‘एक-बोरॉन’. त्यातील ‘एक’ हा उपसर्ग संस्कृतातून घेतलेला आहे. सिलिकॉनच्या खालच्या रिकाम्या घरासाठी त्याने ‘एक-सिलिकॉन’ असे नाव योजिले होते, ते घर फ्रायबेर्गच्या खाणविद्यालयातील विंकलरने १८८६ मध्ये जर्मेनियमने भरले. १८८० मध्ये मारिन्याकला मिळालेल्या आणखी एका मृत्तिकेच्या धातूला १८८६ मध्ये लकोक द बुआबोद्रांने गॅडोलिनियम हे नाव दिले. गादोलिनला जाऊन तेव्हा चौतीस वर्षे झाली होती.

ह्या साऱ्या काळात, म्हणजे जवळजवळ एक शतकभर, विरल मृत्तिकांचा व्यवहारात कोणताही महत्त्वाचा उपयोग नव्हता. इटर्बीची खाण चालत होती ती फेल्स्पारवर. विद्यापीठातील काम खाणीच्या धंद्याला एका पैचाही फायदा करून देत नव्हते, आणि तरीही ते चालू राहिले. आजच्या उपयुक्ततावादी हिशेबात ते बसणारे नाही.

उपयोग निघाला तो व्हिएन्नात. बुन्सेनचा शिष्य आउअर फोन वेल्सबाख ह्याने १८८५ मध्ये मोसांडरच्या ‘डिडिमियम’चे निओडिमियम आणि प्रेसिओडिमियम असे दोन भाग केले, आणि त्याच सुमारास गॅसच्या दिव्याच्या जाळीची कल्पना काढली. १८९१ मध्ये थोरियमच्या ऑक्साइडात सुमारे एक टक्का सेरियमचे ऑक्साइड मिसळण्याचे प्रमाण त्याला सापडले आणि युरोपातील रस्ते त्या जाळ्यांच्या पांढऱ्या प्रकाशाने उजळले. आता थोरियमला मागणी आली, आणि स्वीडनच्या मूठभर सिलिकेट दगडांवर भागेना. थोरियम आणि सेरियम दोन्ही असलेले मोनॅझाइट हे फॉस्फेट खनिज वाळूच्या रूपाने समुद्रकाठी मिळते. १९०९ मध्ये शोम्बर्ग ह्या जर्मन रसायनज्ञाला ते त्रावणकोरच्या किनाऱ्यावर आढळले. येथे ह्या कथेचा धागा भारतात येतो.

भारतात मात्र सिलिकेट आणि विरल धातू ही दोन शास्त्रे वेगवेगळ्या दारांनी आली. काचेच्या बाबतीत आरंभ कारखान्याने केला. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून तळेगाव येथे १९०८ मध्ये उभारलेला पैसा फंडाचा काचकारखाना हा उत्पादनाइतकाच शिक्षणाचा प्रयत्न होता, आणि तेथे शिकलेल्या माणसांनी पुढे अन्यत्र काचकारखाने चालविले. विद्यापीठात चिनी मातीकामाचा विभाग निघाला तो बनारस हिंदू विश्वविद्यालयात, १९२४ मध्ये. विरल मृत्तिकांचे शिक्षण ह्यांपैकी कोणत्याही जागी नव्हते. १९५० च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेचे उद्घाटन झाले आणि त्याच महिन्यात इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी स्थापन झाली. पण एक गेली शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषदेकडे, दुसरी अणुशक्तीच्या कक्षेत. आलवाये येथील मोनॅझाइटचा कारखाना १९५२ मध्ये आणि तुर्भ्याचा थोरियमचा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला. त्यासाठी लागणारी माणसे तयार करण्याचा भार विद्यापीठांवर न टाकता तुर्भे येथे १९५७ मध्ये स्वतंत्र प्रशिक्षणशाळा काढण्यात आली. ती यशस्वी झाली ह्यात संशय नाही. परंतु त्यामुळे विद्यापीठातील काच-मातीकामाच्या विद्यार्थ्याला विरल मृत्तिका ही आपल्याच विषयाची पुढची पायरी आहे, असे दिसण्याचा मार्ग अरुंद झाला.

आणि ती पुढची पायरी आहे, हे गेल्या शतकाने पुरेसे दाखविले आहे. काच घासून आरशासारखी करावयास सेरियमचे ऑक्साइड वापरतात. काचेचे काम करणारा कारागीर ज्योतीतील सोडियमचा पिवळा झगझगाट टाळण्यासाठी डोळ्यांवर जो चष्मा घालतो, त्याच्या काचेत मोसांडरचे डिडिमियम असते. सिलिकेटाच्या भट्टीपुढे डोळे वाचविणारी विरल मृत्तिका ती हीच. झिर्कोनियमच्या ऑक्साइडात थोडी इट्रिया मिसळली म्हणजे तापताना आणि निवताना ते तडकत नाही. विमानाच्या इंजिनातील पात्यांवरचा लेप आणि दंतवैद्याने बसविलेली दाताची टोपी, दोन्ही त्याच मिश्रणाची बनतात. गादोलिनने दगडातून बाहेर काढलेली मृत्तिका अशा रीतीने मातीकामाच्या भट्टीत परत गेली आहे.

विरल मृत्तिका हे नाव, अर्थात्, दोन्ही पदांत चुकीचे आहे. सेरियमचे भूकवचातील प्रमाण तांब्याच्या आसपास आहे, तेव्हा ते विरल नव्हे. आणि मूळ पदार्थ धातू आहेत, तेव्हा ते मृत्तिका नव्हेत. ‘मृत्तिका’ हे बर्गमनच्या काळातील भस्मवाचक शब्दाचे भाषांतर आहे, आणि ‘विरल’ हे त्या काळच्या तोकड्या माहितीचे. मराठीने दोन्ही शब्द इंग्रजीवरून घेतले, इंग्रजीने ते आपल्या आधीच्या भाषांवरून घेतले. मराठी विद्यार्थ्याला मात्र मृत्तिका म्हटले की कुंभाराची माती आठवते, आणि त्या दगडाचा मूळ व्यवसाय पाहता ही आठवण अगदीच गैरलागू नाही. इटर्बीची खाण १९३३ मध्ये बंद झाली, ती शेवटपर्यंत फेल्स्पारचीच खाण होती.